एकाच घराण्यातले दोन माधवराव : सारख्या नावांच्या राजकारण्यांच्या चरित्रनोंदी कशा सोडवायच्या

एका स्मरणिकेसाठी तयार झालेली नोंद माझ्याकडे तपासायला आली होती. मजकूर चार ओळींचा. "माधवराव शिंदे, ग्वाल्हेर. जन्म १८७६. वयाच्या दहाव्या वर्षी गादीवर. रेल्वेसाठी मोठे काम. १९८४ च्या लोकसभा निवडणुकीत अटलबिहारी वाजपेयींचा पराभव. पॅरिस येथे निधन."

यातली एकही ओळ खोटी नाही. ज्याने ही नोंद केली त्याच्याकडे प्रत्येक ओळीला आधार होता, आणि तो त्याने समासात नीट लिहूनही ठेवला होता. फक्त या ओळी दोन माणसांच्या होत्या, आजोबांच्या आणि नातवाच्या. एकत्र वाचल्या तर वाजपेयींना हरवणारा उमेदवार १०८ वर्षांचा निघतो. नावावर भिस्त ठेवली की काळजीपूर्वक काम करणाऱ्याच्या हातूनही असे होते.

चरित्रनोंदी तपासण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे. अशा गुंत्यांत मला एक गोष्ट पक्की कळली आहे: नाव सगळ्यात शेवटी जोडायचे. आधी घटना, तारखा, पदे, बापाचे नाव, सोबतची माणसे. ती सगळी जागच्या जागी बसली की नाव आपोआप बसते. उलट क्रमाने गेलात तर गुंता वाढतच जातो. खाली जी रीत सांगतो आहे ती ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्यावर चालवून दाखवतो, कारण तिथे बहुतेक सगळ्या अडचणी एका ठिकाणी सापडतात. मधूनमधून पेशवे, कोल्हापूर आणि बडोदा येतील.

हे आपल्याकडेच एवढे का होते

आजोबांचे नाव नातवाला ठेवायची आपली चाल जुनी आहे. त्यामुळे एका घराण्यात एक पिढी सोडून तेच नाव येत राहते. त्यात दत्तकविधान आले की मुलाचे जन्मनाव जाते आणि घराण्यातले मानाचे नाव येते. शिवाय नानासाहेब, भाऊसाहेब, दादासाहेब, बाळासाहेब ही हाक मारायची नावे कागदांत खऱ्या नावाची जागा घेतात. आणि 'पहिले', 'दुसरे' हे आकडे तर नंतरच्या लेखकांनी चिकटवलेले. थोरल्या बाजीरावांना हयातीत कोणी 'पहिले बाजीराव' म्हटले नव्हते, म्हटले असते तर दुसरे येणार हे आधीच ठाऊक असावे लागले असते. म्हणून समकालीन पत्रात आकडा शोधू नका आणि आधुनिक पुस्तकातला आकडा पुरावा म्हणून धरू नका.

पायरी १ : नाव झाकून घटनेची कार्डे करा

पोस्टकार्डाच्या आकाराची कोरी कार्डे घ्या, किंवा संगणकावर तक्ता करा. मला स्वतःला कार्डे बरी वाटतात, कारण ती टेबलावर मांडून हलवता येतात. एका कार्डावर एकच घटना. त्यावर एवढे हवे: तारीख (मूळ कागदात जशी आहे तशी), ठिकाण, पद, सोबत कोण होते, आधार, आणि सगळ्यात खाली मूळ कागदात छापलेले नाव, अक्षर न बदलता.

हे शेवटचे फार महत्त्वाचे आहे. शिंदे या एका आडनावाची मराठीत 'शिंदे', हिंदीत 'सिंधिया', इंग्रजीतून आलेली 'सिंदिया' अशी रूपे आहेत. माधवरावांचे 'माधो राव', 'माधव राव', 'माधवराव' असे तीन प्रकार होतात. तुम्ही कार्डावर लिहितानाच सगळे 'माधवराव शिंदे' करून टाकलेत, तर पुढे वेगळे ओळखायला लागणारा धागा तुम्हीच तोडला असे होईल. आजोबांच्या काळच्या इंग्रजी कागदांत 'माधो राव' जास्त आढळते, नातवाच्या काळात ते जवळजवळ दिसत नाही. हा पुरावा नव्हे, पण खूण म्हणून उपयोगी पडते.

माझ्याकडच्या त्या चार ओळींची पाच कार्डे झाली: जन्म १८७६, गादी, रेल्वे, १९८४ ची निवडणूक, पॅरिस. पाचही कार्डांवर खाली नाव तेच. आता ते नाव कागदाच्या पट्टीने झाका. खरेच झाका. नाव दिसत असले की डोळा दोन घटना आपोआप जोडतो.

पायरी २ : घराण्याचा कणा उभा करा

माणसे वेगळी करण्याआधी खुंट्या ठोकायच्या. घराण्यातल्या प्रत्येक कर्त्या पुरुषाचा (आणि कर्त्या स्त्रीचाही) जन्म, दत्तक असेल तर दत्तकाचे वर्ष, गादीवर किंवा पदावर येणे, आणि मृत्यू. या चार तारखा पक्क्या झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. शिंद्यांचा कणा असा उभा राहतो.

महादजी शिंदे: निधन १२ फेब्रुवारी १७९४, पुण्याजवळ वानवडीला, तिथेच शिंद्यांची छत्री आहे. त्यांच्यामागून दौलतराव, १८२७ पर्यंत. मग जनकोजीराव, १८२७ ते १८४३. मग जयाजीराव, १८४३ ते १८८६. मग माधवराव: जन्म २० ऑक्टोबर १८७६, गादी १८८६, निधन ५ जून १९२५, पॅरिस. त्यांचे पुत्र जिवाजीराव: जन्म १९१६, गादी १९२५, स्वातंत्र्यानंतर १९४८ ते १९५६ मध्य भारताचे राजप्रमुख, निधन १९६१. त्यांच्या पत्नी विजयाराजे, १९१९ ते २००१. त्यांचे पुत्र माधवराव: जन्म १० मार्च १९४५, निधन ३० सप्टेंबर २००१, उत्तर प्रदेशात मैनपुरीजवळ विमान अपघातात. त्यांचे पुत्र ज्योतिरादित्य, जन्म १९७१.

हा कणा समोर ठेवला की पहिली गोष्ट दिसते: आजोबा वारले १९२५ ला आणि नातू जन्मला १९४५ ला. मध्ये वीस वर्षे माधवराव नावाचा कर्ता पुरुष या घरात नाही. या वीस वर्षांतले कोणतेही 'माधवराव शिंदे, ग्वाल्हेर' असे कार्ड आले तर ते एकतर आजोबांची आठवण म्हणून उभारलेल्या कशाचे तरी असेल, किंवा तारीख चुकलेली असेल. अशी रिकामी जागा प्रत्येक घराण्यात असते. ती आधी शोधून लाल पेन्सिलीने आखून ठेवा, पुढे फार कामाला येते.

दुसरी गोष्ट: कण्यात 'माधव' दोन दिसतात, पण कागदांत तीन सापडतात. महादजींचे नाव जुन्या इंग्रजी लेखनात कित्येकदा 'माधव राव सिंधिया' असे येते. त्यामुळे काही याद्या महादजींना पहिले धरून १८७६ च्या माधवरावांना दुसरे आणि १९४५ च्या माधवरावांना तिसरे म्हणतात, काही याद्या महादजींना सोडून मोजतात. दोन पुस्तकांत 'दुसरे माधवराव' हा शब्दप्रयोग दोन वेगळ्या माणसांसाठी आलेला असू शकतो. म्हणून कार्डांवर आकडा लिहायचा नाही, जन्मवर्ष लिहायचे. 'माधवराव १८७६', 'माधवराव १९४५'. मी नोंद पूर्ण होईपर्यंत याच नावांनी बोलतो आणि विचारही याच नावांनी करतो.

तिसरी गोष्ट, जी पुष्कळांच्या नजरेतून सुटते: जयाजीराव आणि जिवाजीराव. कानाला जवळ, रोमन लिपीत आणखी जवळ, आणि त्यातही स्पेलिंगे वाऱ्यावर. आजोबा आणि नातू यांच्यात गोंधळ होतोच. इथे पणजोबा आणि वडील यांच्यातही होतो. ग्वाल्हेरचा जयविलास राजवाडा १८७४ चा, जयाजीरावांचा. जिवाजी विद्यापीठ १९६४ चे, जिवाजीरावांच्या नावाने. 'जि' आणि 'ज' यांत घसरलात की नव्वद वर्षांची उडी बसते.

*तारखांबद्दल थोडे थांबून.* जुने कागद इसवी सनात नसतात. शके असेल तर ७८ मिळवा, जानेवारी ते फाल्गुनअखेर या पट्ट्यात ७९. विक्रम संवत असेल तर ५७ वजा करा, वर्षाच्या शेवटच्या भागात ५६. पेशवे दप्तरातल्या कागदांत सुहूर सन येतो, तोही अरबी शब्दांत लिहिलेला. 'सलास सबैन मया व अलफ' म्हणजे तीन, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७३. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, म्हणजे १७७२–७३. हे वर्ष मृगापासून मृगापर्यंत चालते. माधवराव पेशवे थेऊरला वारले ते नोव्हेंबर १७७२ मध्ये, म्हणजे याच सुहूर वर्षात. आणि उरलेले वर्ष नारायणरावांच्या कारकिर्दीचे. नुसता सुहूर सन पाहून 'हे माधवरावांच्या वेळचे' असे ठरवलेत तर निम्मी पत्रे चुकीच्या माणसाच्या खात्यात जातील. महिना आणि चंद्र (म्हणजे कागदावरची मुसलमानी महिन्याची तारीख) पाहिल्याशिवाय अशा कार्डाला माणूस देऊ नका.

पायरी ३ : बापाचे नाव शोधा

आपल्या नावाच्या रीतीत गुंता आहे तसा तो सोडवायचा धागाही आहे: मधले नाव. पेशव्यांत हे अगदी स्वच्छ दिसते. 'माधवराव बल्लाळ' म्हणजे बाळाजी बाजीरावांचे पुत्र, थोरले माधवराव. 'माधवराव नारायण' म्हणजे नारायणरावांचे पुत्र, सवाई माधवराव. 'बाजीराव बल्लाळ' थोरले बाजीराव, 'बाजीराव रघुनाथ' रघुनाथरावांचे पुत्र, शेवटचे पेशवे. शिक्क्यांत आणि पत्रांत ही नावे अशीच येतात. नुसते 'बाजीराव पंडित प्रधान' म्हटले तर कोण ते कळणार नाही, पण पुढचा एक शब्द सापडला की वाद मिटतो. एक सावधगिरी ठेवा: 'बल्लाळ' हे बाळाजीचे रूप, आणि बाळाजी स्वतः दोन झाले. बाजीराव बल्लाळांचे वडील बाळाजी विश्वनाथ, माधवराव बल्लाळांचे वडील बाळाजी बाजीराव. 'बल्लाळ' हा शब्द सापडला म्हणून भावंडे समजू नका.

शिंद्यांकडे मात्र हाच धागा घात करतो. आजोबा माधवराव जयाजीराव. नातू माधवराव जिवाजीराव. रोमन लिपीत आद्याक्षरे केली की दोघेही एम. जे. सिंधिया! देवनागरीत निदान 'ज' आणि 'जि' वेगळे दिसतात. इंग्रजी याद्यांतून माहिती उतरवताना मी म्हणून आद्याक्षरे कधीच पुरावा धरत नाही, पूर्ण मधले नाव मिळेपर्यंत कार्ड अडवून ठेवतो.

आजच्या राजकारण्यांसाठी बापाचे नाव मिळवणे सोपे आहे. लोकसभेच्या सदस्य-परिचयात वडिलांचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, मतदारसंघ आणि कार्यकाळ असतो. गेल्या दोन दशकांतल्या निवडणुकांत उमेदवारांनी दिलेल्या प्रतिज्ञापत्रांतही ते असते. आधी हे दोन पाहा आणि मगच वर्तमानपत्रांकडे वळा. वर्तमानपत्री मृत्युलेख घाईत लिहिलेले असतात, आणि घराण्याचा सगळा पराक्रम त्या एका माणसाच्या नावावर मांडायचा मोह लिहिणाऱ्याला आवरत नाही.

पायरी ४ : दत्तक आले की बापाचे नावही बदलते

आत्तापर्यंत दोन माणसे एका नोंदीत शिरल्याची गोष्ट चालली होती. दत्तकामुळे उलटे होते, एकाच माणसाच्या दोन नोंदी होतात. हा प्रकार अधिक अवघड, कारण दोन्ही नोंदी दिसायला व्यवस्थित असतात.

१८४३ मध्ये जनकोजीराव वारले तेव्हा त्यांच्या पत्नी ताराबाई यांनी आठ वर्षांच्या भगीरथरावाला दत्तक घेतले. तो गादीवर बसला तो जयाजीराव म्हणून. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळराव गायकवाड १८७५ मध्ये दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरला दत्तक आला आणि शाहू झाला. म्हणजे १८८४ च्या आधीच्या कागदांत 'शाहू' शोधलात तर कोल्हापूरचे राजर्षी तुम्हाला सापडणारच नाहीत. आणि 'यशवंतराव घाटगे' या नावाचे फोल्डर केलेत तर ते १८८४ ला अचानक संपेल, जणू मुलगा वारला. फोल्डर असे मध्येच बंद पडले की दत्तकाची शंका घ्यायची.

कोल्हापूरचीच पुढची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. देवासचे विक्रमसिंहराव पवार १९४७ मध्ये कोल्हापूरला दत्तक आले आणि शहाजी झाले. एकच माणूस दोन संस्थानांच्या राजांच्या यादीत दोन नावांनी बसला आहे. त्यांनी १९६२ मध्ये नागपूरच्या भोसले घराण्यातून दत्तक घेतले ते शाहू छत्रपती, जन्म १९४८, जे २०२४ मध्ये कोल्हापूरचे खासदार झाले. निवडणुकीच्या नोंदीत त्यांचे नाव 'छत्रपती शाहू शहाजी' असे येते. यातले मधले नाव दत्तक पित्याचे. दत्तक घराण्यात बापाच्या नावाचा धागा धरताना, हा बाप जन्माचा की दत्तकाचा, हे कार्डावर स्पष्ट लिहा. मी जन्मदात्यासाठी 'ज' आणि दत्तक पित्यासाठी 'द' अशी अक्षरे कोपऱ्यात टाकतो.

आता शाहू किती झाले बघा. सातारचे छत्रपती शाहू (१६८२–१७४९), त्यांच्यानंतर सातारच्याच गादीवर दुसरे शाहू (१७७७ ते १८०८), कोल्हापूरचे राजर्षी शाहू (१८७४–१९२२), आणि आजचे खासदार. 'शाहू महाराजांनी पेशवा नेमला' आणि 'शाहू महाराजांनी १९०२ मध्ये पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या' ही दोन वाक्ये एकाच माणसाची समजणारी मुले मी शाळांच्या प्रश्नमंजुषेत पाहिली आहेत. मुलांचा दोष नाही. त्यांच्या हातातल्या पुस्तिकेत गादीचे नावच लिहिलेले नव्हते.

पायरी ५ : सोबतची माणसे तपासा, पण नातेवाईक नकोत

पुष्कळ जण इथे फसतात. 'बाजीराव आणि त्यांचे धाकटे भाऊ चिमाजी आप्पा' असे कार्ड आले की आपण बिनदिक्कत थोरल्या बाजीरावांकडे देतो. पण दुसऱ्या बाजीरावांच्या धाकट्या भावाचे नावही चिमाजी आप्पाच होते, आणि १७९६ मध्ये काही महिने पेशवेपदाची वस्त्रे त्यांच्या अंगावर होती. कार्डावर वसईचे नाव असेल तर मग सुटलोच नाही, कारण थोरल्या बाजीरावांच्या वेळी चिमाजी आप्पांनी वसई जिंकली १७३९ मध्ये आणि दुसऱ्या बाजीरावांनी इंग्रजांशी वसईचा तह केला १८०२ च्या अखेरीस. बाजीराव, चिमाजी, वसई, तिन्ही शब्द दोन्हीकडे बसतात.

म्हणून घरातली नावे सोडून बाहेरची माणसे पाहायची. समोर पोर्तुगीज आहेत की इंग्रज? दरबारात नाना फडणीस हयात आहेत का? (ते १८०० मध्ये वारले.) घराण्यात नावे फिरून फिरून येतात, कारकून, वकील, शत्रू आणि सेनापती यांची तशी येत नाहीत. एका कार्डावर दोन बाहेरची माणसे ओळखू आली की काळ बहुधा ठरतोच.

पायरी ६ : पद आणि मतदारसंघ, वर्षासकट

लोकशाहीतल्या घराण्यांत गादीच्या जागी मतदारसंघ येतो, आणि तोही घरातच फिरतो. गुना मतदारसंघ घ्या. १९५७ मध्ये विजयाराजे, १९७१ पासून माधवराव, १९८९ पासून पुन्हा विजयाराजे, १९९९ मध्ये पुन्हा माधवराव, त्यांच्या निधनानंतर २००२ च्या पोटनिवडणुकीत ज्योतिरादित्य, आणि २०२४ मध्ये पुन्हा ज्योतिरादित्य. 'गुन्याचे खासदार सिंधिया' एवढेच लिहिलेले कार्ड म्हणजे काहीच नाही. पक्षही उपयोगी पडत नाही, कारण माधवराव १९७१ मध्ये जनसंघाचे होते, १९७७ मध्ये अपक्ष, १९८० पासून काँग्रेसचे आणि १९९६ मध्ये मध्य प्रदेश विकास काँग्रेसचे. वाजपेयींना हरवले ते १९८४ मध्ये, आणि ते गुन्यातून नव्हे, ग्वाल्हेरमधून.

मंत्रिपदाचेही तेच. नागरी विमान वाहतूक खाते माधवरावांकडे १९९१ ते १९९३ होते, ज्योतिरादित्यांकडे २०२१ ते २०२४. बापलेकांची नावे वेगळी असली तरी बातमीत 'विमान वाहतूक मंत्री सिंधिया' एवढेच येते. तेव्हा कार्डावर पद लिहिताना नुसते पद नको, 'कोणत्या लोकसभेत' हेही हवे.

आणि आता ती 'रेल्वेसाठी मोठे काम' ही ओळ. पाचांपैकी सगळ्यात जास्त वेळ मला हिनेच खाल्ला, कारण ती दोघांचीही खरी आहे. आजोबांना आगगाडीचे वेड होते. ग्वाल्हेर लाइट रेल्वे ही दोन फुटी अरुंद मार्गाची गाडी त्यांच्या काळातली, भिंड, शिवपुरी आणि श्योपूरकडे जाणारी. जयविलास राजवाड्यात जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची छोटी गाडी आजही दाखवतात. नातू १९८० च्या दशकात केंद्रात रेल्वे खात्याचे राज्यमंत्री. पहिली शताब्दी एक्सप्रेस १९८८ मध्ये धावली ती त्यांच्या कारकिर्दीत. आधार उलगडून पाहिला तेव्हा कळले, की नोंद करणाऱ्याने आजोबांच्या चरित्रातली अरुंद मार्गाची गाडी आणि नातवाच्या मृत्युलेखातली शताब्दी एका ओळीत विरघळवली होती. अशी 'योगदान', 'मोठे काम', 'मोलाचा वाटा' असली ओळ दिसली की तिला आहे तशी कोणाच्याही खात्यात टाकू नका. ती फोडा. कोणती गाडी, कोणत्या साली, कोणत्या अधिकाराने? एका कार्डाची दोन कार्डे झाली आणि दोन्ही आपापल्या घरी गेली.

पायरी ७ : हाक मारायची नावे

थोडक्यात सांगतो. 'नानासाहेब पेशवे' म्हणजे बाळाजी बाजीराव (निधन १७६१), आणि १८५७ च्या उठावातले नानासाहेब म्हणजे धोंडोपंत, दुसऱ्या बाजीरावांचे दत्तक पुत्र. शिवाय नाना फडणीस, ज्यांचे नावही बाळाजीच, बाळाजी जनार्दन. महाराष्ट्राच्या अलीकडच्या राजकारणात 'बाळासाहेब' या एका शब्दाखाली दौलतराव देसाई, एकनाथराव विखे पाटील, विजय थोरात ही अगदी वेगळ्या घरांतली माणसे आहेत. अशा नावांची एक वेगळी चिठ्ठी करा: डावीकडे हाक मारायचे नाव, उजवीकडे सरकारी कागदावरचे. आणि शोध घेताना दोन्ही नावांनी घ्या.

पायरी ८ : ज्याला नाव दिले ती वास्तू, आणि फोटो

संस्थेला, रस्त्याला दिलेले नाव पाहताना एकच प्रश्न: नाव दिले त्या वर्षी कोण किती वर्षांचा होता? ग्वाल्हेरची माधव तंत्रशास्त्र व विज्ञान संस्था १९५७ ची. तेव्हा नातू माधवराव बारा वर्षांचे होते. तेव्हा ती आजोबांच्या स्मरणार्थ. शिवपुरीचे माधव राष्ट्रीय उद्यानही आजोबांच्याच नावाचे, आणि त्यांची छत्रीही शिवपुरीलाच आहे. २००१ नंतर नाव दिलेल्या गोष्टी मात्र एकेक करून तपासाव्या लागतात.

फोटोत पगडीवर जाऊ नका. शिंदेशाही पगडी समारंभात आजोबांनीही घातली आणि नातवानेही. फोटोची पाठ पाहा, स्टुडिओचा शिक्का पाहा, मूळ छाप कुठल्या अल्बममधली ते विचारा. 'माधवराव शिंदे' असे शोधून संगणकाने पुढे केलेला पहिला फोटो नोंदीला लावणे, ही मी पाहिलेल्या चुकांतली सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक आहे.

पायरी ९ : जे सुटत नाही ते वेगळ्या पाकिटात

आता कागदाची पट्टी काढा. बहुतेक कार्डे दोन ढिगांत गेलेली असतील. थोडी उरतील. बडोद्याच्या गायकवाडांत माझी अशी काही कार्डे अजून उरली आहेत, कारण तिथे फत्तेसिंहराव नाव पिढ्यान्‌पिढ्या येते: अठराव्या शतकातले, एकोणिसाव्याच्या सुरुवातीचे, सयाजीरावांचे पुत्र युवराज फत्तेसिंहराव (१८८३–१९०८), आणि त्यांचे नातू फत्तेसिंहराव (१९३०–१९८८), जे १९५७ मध्ये लोकसभेवर गेले आणि पुढे क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष झाले. 'फत्तेसिंहराव, बडोदे' एवढेच लिहिलेले तारीख नसलेले पत्र मी कोणाच्याच नावावर लावत नाही. 'अनिश्चित' असे लिहिलेल्या पाकिटात ते राहते. ढकलून बसवलेले कार्ड पुढच्या माणसाला पक्के वाटते, आणि त्याच्यावर तो आणखी चार रचतो.

पायरी १० : नोंद लिहिताना

मथळ्यात जन्म–मृत्यूची वर्षे घाला: 'शिंदे, माधवराव जयाजीराव (१८७६–१९२५)' आणि 'शिंदे, माधवराव जिवाजीराव (१९४५–२००१)'. दोन्ही नोंदींच्या अगदी वर एक ओळ: 'याच नावाच्या त्यांच्या नातवासाठी पाहा…', 'याच नावाच्या त्यांच्या आजोबांसाठी पाहा…'. पहिल्याच वाक्यात बापाचे नाव, गादी किंवा मतदारसंघ, आणि काळ आला पाहिजे. दत्तक असेल तर जन्मनावही तिथेच, म्हणजे जन्मनावाने शोधणाऱ्याला नोंद सापडते. मजकुरात नुसते 'माधवराव' असे एकदाही लिहू नका जिथे दुसऱ्या माधवरावांचा उल्लेख त्याच परिच्छेदात आहे. तिथे 'आजोबा', 'नातू' म्हणा.

विकिपीडियासारख्या ठिकाणी दुरुस्ती करत असाल तर क्रम सांभाळा. आधी निःसंदिग्धीकरणाचे पान करा, ज्यावर सगळ्या माधवरावांची वर्षांसह यादी असेल. मग दोन्ही नोंदी वेगळ्या करा. मग त्या नावाकडे येणारे सगळे दुवे एकेक उघडून पाहा की ते योग्य माणसाकडे जातात का. हे शेवटचे काम कंटाळवाणे आहे आणि बहुतेक जण तेच सोडून देतात. मग नोंद स्वच्छ दिसते, पण ग्वाल्हेर लाइट रेल्वेच्या पानावरचा दुवा १९४५ च्या माधवरावांकडेच जात राहतो. विकिडेटावर (विकिपीडियाच्या जोडीचा माहितीसाठा, जिथे प्रत्येक व्यक्तीला एक क्रमांक असतो) दोघांचे क्रमांक वेगळे आहेत का, आणि एकाच्या क्रमांकाला दुसऱ्याचा फोटो लागलेला नाही ना, हेही तेव्हाच बघून घ्या.

चर्चापानावर, किंवा छापील कोश असेल तर संपादकांच्या फाइलीत, तुम्ही कोणते कार्ड कुठून कुठे हलवले आणि का, हे लिहून ठेवा. त्या स्मरणिकेसाठी मी पाच कार्डांसोबत पाच ओळींची टीप पाठवली. रेल्वेच्या ओळीखाली दोन वर्षे लिहिली होती आणि शेजारी दोन गाड्यांची नावे.